तालुक्याच्या ठिकाणी मुलांची थेरपी टीम: पाच जणांनी पाच कागद द्यायचे की एकच?

डोंगरकपार (धागाकर्ती)

मराठवाड्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला तालुका. दसरा-दिवाळीनंतर निम्मी गावं ऊसतोडीला जातात, चार-पाच लमाण तांडे आहेत. ग्रामीण रुग्णालयाने दोन खोल्या देऊ केल्या आहेत. माणसं अशी: एक फिजिओथेरपिस्ट आणि एक विशेष शिक्षिका पूर्णवेळ, वाचा-श्रवणतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (पुढे ओटी) आणि मानसतज्ज्ञ महिन्यातून एकदा जिल्ह्याहून.

मुलं शोधायचा प्रश्न तितका मोठा नाही. आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पथकं आहेतच (२०१३ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून ही योजना सुरू झाली). दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता, अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा. गाडं अडतं ते पुढे. चिठ्ठी जिल्ह्याच्या डीईआयसीची, म्हणजे लवकर हस्तक्षेप केंद्राची, आणि तिथे नियमित जाणं मजुरी बुडवून जमत नाही.

एकाच मुलाला तिघांकडे तीन वेगळ्या दिवशी बोलवायचं नाही, एवढं ठरलंय. पण तपासणी, घरभेटी, जबाबदारी आणि ऊसतोडीचे सहा महिने यांची घडी कशी बसवायची? ज्यांनी हे चालवलंय त्यांनी तपशिलात लिहा. "समन्वय ठेवा" छापाचे सल्ले नकोत :)

चालताबोलता

फिजिओच्या बाजूने. पहिली तपासणी एकत्रच घ्या, पण एकत्र म्हणजे पाच जणांनी मुलाभोवती कोंडाळं करणं नव्हे. सतरंजीवर मूल, आई आणि एकच तपासणारी व्यक्ती. बाकीचे भिंतीला टेकून गप्प बसतात, आपापल्या रकान्यात नोंदी करतात, काही बघायचं राहिलं तर चिठ्ठी सरकवतात. आईशी बोलणारी व्यक्तीही एकच, नाहीतर "कधी रांगला?" हा प्रश्न तिला चारदा ऐकावा लागतो आणि चौथ्या वेळी उत्तर बदलतं.

क्रम महत्त्वाचा. आधी खेळ, मग खाणं (आईने घरून आणलेलं, आपली बिस्किटं नव्हेत), मग हातापायांचे कोन आणि ताठरपणा, आणि तोंडात-कानात डोकावणं सर्वांत शेवटी. उलट केलं की मूल रडतं आणि पुढचा तास वाया. पाऊण ते एक तास पुरतो. त्यानंतर आई-मूल बाहेर जेवतील तेवढ्यात टीमने अर्ध्या तासात एकच कागद तयार करायचा.

वय मोजताना महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे राहिलेले आठवडे दोन वर्षांपर्यंत वजा करा. चाळणीसाठी त्रिवेंद्रमचा तक्ता (टीडीएससी, दोन वर्षांपर्यंत १७ बाबी) सोपा आहे: वयावर पेन्सिल उभी धरायची, पेन्सिलीच्या डावीकडे जे पूर्ण राहतं ते जमायला हवं. पण ती चाळणी आहे, निदान नाही. कागदावर "मतिमंद" असा शेरा मारून मोकळं होणारे लोक पाहिलेत म्हणून लिहितोय.

फिरतीबाई

मूळ प्रश्नाला हात घालते. पाच जणांनी पाच "घरी करायचे व्यायाम" दिले की आई एकही करत नाही, आणि तिचं बरोबर असतं. पहाटे पाणी, भाकरी, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणं. पंचवीस मिनिटांचा व्यायाम तिच्या दिवसात मावतच नाही.

म्हणून एका मुलाला एक मुख्य व्यक्ती. फिजिओ, शिक्षिका कोणीही चालेल, मुलाची मोठी अडचण आणि घराचं अंतर पाहून ठरवा. घरी जाते ती तीच. बाकीचे तिला शिकवतात, महिन्यातून एकदा सोबत जाऊन तपासतात. कागदावर तीनच उद्दिष्टं, तीही आईच्या तोंडची. "ट्रंक कंट्रोल (धड सावरणं) सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. "मी भाकरी करेपर्यंत भिंतीला टेकून बसावं" हे उद्दिष्ट. प्रत्येकापुढे तीन रकाने: आज काय होतं, तीन महिन्यांनी काय व्हायला हवं, आणि ते दिवसाच्या कोणत्या कामात बसवायचं.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. तेल लावून मालिश घराघरात होतेच, तिला नावं ठेवू नका. त्याच वेळी बाळाला पालथं घालणं, कूस बदलायला लावणं, "हात कुठाय, पाय कुठाय" बोलणं, तिघांची कामं एका कृतीत होतात. नुसते पाय ओढून ताणत बसण्याने फारसं काही साधत नाही. ज्या हालचालीची गरज आहे तीच हालचाल खऱ्या कामात पुन्हा पुन्हा करायला मिळाली तर मूल शिकतं.

डोंगराळ भागात दिवसाला चार घरांच्या वर जाऊ नका. पाचव्या घरात फक्त सही होते.

बोलका_कान

फिरतीबाई, तत्त्व मान्य, पण "बाकीचे तिला शिकवतात" इथे मला ब्रेक लावायचा आहे. वाचा-श्रवणतज्ज्ञाचं काम आठवड्यातून दोनच दिवस मिळतं म्हणून ते सगळं शिक्षिकेवर टाकलं, असं फार ठिकाणी चाललंय. काही गोष्टी हस्तांतरित होतच नाहीत.

गिळण्याची तपासणी त्यातली पहिली. जेवताना खोकला, जेवणानंतर आवाज घोगरा-ओला, वर्षातून दोन-तीनदा न्यूमोनिया, एक जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणं, यातलं काहीही दिसलं तर मला दाखवल्याशिवाय घट्ट-पातळ बदलू नका. श्रवणयंत्राची प्रोग्रॅमिंग दुसरी. आणि ओएई-बेरा या यंत्रावरच्या श्रवणचाचण्या न करता "थोडं थोडं ऐकतो" असं लिहिणं तर कोणीच करू नये. दार आपटल्यावर वळतो म्हणजे बोलण्याचे आवाज ऐकू येतात असं नाही.

हस्तांतरित होतं ते असं: भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, डोकं मागे टाकून ओतणं बंद. उथळ चमचा जिभेच्या मधोमध ठेवून थांबायचं, वरच्या ओठाने त्याला ओढू द्यायचं. चमचा वरच्या दातांना पुसून काढायचा नाही.

घट्टपणा मी सांगितला की तो मोजायचा कसा, तेही शिकवता येतं. १० मिलीची सिरिंज घ्या, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी आहे का पट्टीने बघा, कारण कंपनीनुसार फरक पडतो. दट्ट्या काढा, खाली बोट लावा, दहापर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद थांबा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळ, १ ते ४ उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर तिसरी. ज्वारीची आंबील गार होताना घट्ट होते, म्हणून ज्या तापमानाला भरवणार त्याच तापमानाला मोजा. दुसरी गंमत, लाळेने पिठाची घट्टी सुटते. उष्टा चमचा वाटीत बुडवत राहिलं तर शेवटचे घास पातळ झालेले असतात आणि ठसका नेमका तिथे लागतो. वाटीतून छोट्या वाटीत थोडं थोडं घ्या.

फिरतीबाई

@बोलका_कान, पटलं. मग कागदावरच चौथा रकाना करूया: "हे कोणी करू नये". म्हणजे वाद तोंडी राहणार नाही.

चालताबोलता

त्या रकान्यात माझीही भर. वाकड्या पायाचं प्लास्टर, बोटुलिनमनंतरचं (ताठर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शननंतरचं) प्लास्टर, आणि ड्यूशेनचा (स्नायू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) संशय असलेल्या मुलाचे व्यायाम. पाच-सहा वर्षांचा मुलगा, पोटऱ्या जाड, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात ठेवत उठतो, जिना चढताना मागे पडतो, तर "पाय कमजोर आहेत" म्हणून उठाबशा लावू नका. स्नायूंची हानी वाढते. आधी रक्तातलं सीपीके (स्नायूंच्या हानीची तपासणी) आणि बालरोगतज्ज्ञ.

तातडीचं म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं: चार-आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना लागोपाठ दचकतंय, मान-हात पुढे मुडपतंय, असे झटके गुच्छाने येतायत. पोटदुखी समजून ओवा-हिंग चालू असतो आणि बाळ हसायचं विसरलेलं असतं. मोबाइलवर तिरपं नको, समोरून पूर्ण अंग दिसेल असं दीड मिनिट शूट करून डॉक्टरला दाखवा. वर्षाच्या आत एकच हात वापरणं आणि आधी येणारी गोष्ट जाणं, हेही थेरपीच्या रांगेत ताटकळत ठेवू नये.

आणि खुब्याचा एक्स-रे. आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा (जीएमएफसीएस या हालचालीच्या श्रेणीत तीन ते पाच) सहा ते बारा महिन्यांनी, समोरून. ग्रामीण रुग्णालयाच्या मशीनवर होतो, पण ठेवण नीट हवी: गुडघ्याच्या वाट्या छताकडे, कंबरेचा बाक जाईल इतपत गुडघ्यांखाली उशी. कसंही झोपवून काढलेला फोटो तुलनेला निरुपयोगी. खुब्याचा गोळा वाटीबाहेर ३० टक्क्यांच्या पुढे सरकलेला दिसला की अस्थिरोगतज्ज्ञाकडे. दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

सुतारपक्षी

ओटी महिन्यातून एकदाच येणार असेल तर मुलांना आधार देऊन बसवायच्या खुर्च्या तिच्या दिवसाची वाट न बघता आधी करून घ्या. गावातला सुतार करतो. मापं अशी.

बैठकीची खोली (म्हणजे पुढे-मागे लांबी): नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत, त्यातून २-३ सेंमी वजा. रुंदी: नितंबापेक्षा २-३ सेंमी जास्त. पायपट (पाय टेकायची फळी): गुडघ्यामागपासून तळव्यापर्यंत, बूट घालत असेल तर बुटासकट. ट्रे कोपराच्या उंचीला. बैठकीला १८ मिमी प्लाय, बाजूला १२ चालतो. कंबरपट्टा मांडीच्या सांध्यावर, साधारण ४५ अंशात खाली ओढणारा. पोटावर आडवा बांधलेला पट्टा छातीकडे सरकतो आणि मूल घसरलं तर गळ्याशी येतो. मूल तासाभरात घसरत असेल तर पट्टा आवळण्याआधी बैठकीची खोली बघा. "वाढत्या अंगाचं" म्हणून सुताराने दोन इंच जास्त ठेवलेले असतात. वाढीसाठी खोली वाढवायची नाही, पाठीमागे काढता येणारी फळी द्यायची. त्याच्याकडून पायपटाला तीन भोकं पाडून घ्या, वर्षभर निभतं.

खर्च कुठून? ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाला लेखी मागणी द्या, सोबत मापांचा कागद आणि सुताराचं कोटेशन. मार्च उजाडेपर्यंत थांबू नका.



तांड्यावरची

एक गोष्ट राहतेय. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे लमाणांची भाषा, बोलतात. मूल प्रमाण मराठीतल्या चित्रांना उत्तर देत नाही म्हणून "भाषाविकास दोन वर्षं मागे" लिहिलेले अहवाल फिरताना दिसतात. शब्द मोजायचे तर घरच्या भाषेतले धरा, दोन्ही मिळून धरा. आणि "घरी फक्त मराठी बोला" असं तर मुळीच सांगू नका. आजीला मराठी बोलता येत नाही, मग आजी बोलणंच सोडते.

दुभाषा म्हणून थोरल्या बहिणीला बसवू नका. आशाताई किंवा अंगणवाडीची मदतनीस तांड्यातलीच असेल तर ती, आणि तिला त्या दिवसाचं मानधन द्या.

बोलका_कान

पूर्ण सहमत. चित्रपुस्तिकेत पियानो, स्नोमॅन असलं काही असेल तर ती पानं फाडून टाका :) बैल, तवा, पाळणा, विळा असे स्वतः काढलेले फोटो वापरा.

डोंगरकपार

सोनं मिळतंय धाग्यावर. दोन प्रश्न. दवाखान्याचा दिवस कोणता ठेवावा? आणि वाकड्या पायाच्या बाळांचं काय, प्लास्टर जिल्ह्याला होतं, पण बूट आमच्याकडे आल्यावर सुटतात.

फिरतीबाई

आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी काळी-पिवळी, जीप सगळं धावतं, आईला बाहेर पडायला कारणही असतं. मात्र परतीच्या गाड्या तीन-साडेतीनला सुटतात, म्हणून दोननंतरची वेळ कोणालाही देऊ नका, आणि लांबच्या गावांना दहाच्या आत. एकाच रस्त्यावरची मुलं एकाच बाजारदिवशी बोलवली की आया एकमेकींना आठवण करतात, एकमेकींचं पोर सांभाळतात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, दिव्यांग प्रमाणपत्रावर मुलाला ७५ टक्के सवलत. पण आमच्याकडच्या बऱ्याच वस्त्यांवर एसटी जातच नाही, त्यामुळे गाडीभाड्याची तरतूद ठेवाच.

दोनदा गैरहजर म्हणजे नाव कमी, हा नियम करू नका. दोनदा गैरहजर म्हणजे आशाताईंचा फोन. त्यांच्या ३, ६, ९, १२, १५ महिन्यांच्या बालभेटी तशाही असतात, तारखा जुळवून घ्या.

चालताबोलता

बुटांबद्दल. पॉन्सेटीत, म्हणजे वाकडा पाय टप्प्याटप्प्याने सरळ करायच्या पद्धतीत, प्लास्टर दर आठवड्याला, मांडीपर्यंत, बहुतेकांना पाच-सहा लागतात. मग बहुतेक बाळांना टाचेची शीर सोडवण्याची छोटी शस्त्रक्रिया, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, आणि मग दांडीचे बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाय परत वळतो तो बहुतेक वेळा इथे, बूट सुटल्यामुळे.

का सुटतात? पाय सरळ दिसतो, म्हणून घरच्यांना वाटतं बरा झाला. आजी म्हणते लेकराला बांधून कशाला ठेवता. उन्हाळ्यात घामाने फोड येतात. आणि बूट लहान झालेला असतो हे कोणी बघत नाही. प्रत्येक भेटीत बघायचं: टाच मागच्या भोकातून तळाला टेकलेली दिसते का, बोटं बुटाच्या तळाबाहेर वळतायत का, दांडीचे कोन बिघडलेत का (वाकड्या पायाला बाहेर ६०-७० अंश, चांगल्याला ३०-४०). दांडी खांद्यांच्या रुंदीइतकी. सुती मोजे, शिवण आत नको. मधला पट्टा आधी, गच्च, मग बाकीचे. लाल डाग दाबल्यावर पांढरा होऊन परत येत असेल तर पट्टा बघा, फोड असेल तर त्याच दिवशी दाखवा. बूट ढिले घालणं हा उपाय नाही, ढिल्या बुटानेच फोड येतात.

कारखानारोड

ऊसतोडीबद्दल लिहितो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोयता (तोडणीची जोडपी) निघतो, मार्च-एप्रिलला परत. टीमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नाही, दसऱ्याला संपतं असं धरा. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्या मुलांची यादी अंगणवाडीकडून घ्या आणि दसऱ्याच्या आत ही कामं उरका: पायाच्या स्प्लिंटची नवी मापं (वाढत्या मुलाला नऊ-बारा महिन्यांत लहान होतातच), श्रवणयंत्राचा कानात बसणारा नवा साचा, फेफऱ्याच्या औषधांचा डॉक्टर देतील तितका जास्तीत जास्त साठा. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळा, वजन हे मोठ्या अक्षरात लिहून लॅमिनेट करून द्या. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कागद टिकत नाही. सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असू शकते, त्यामुळे "पाच मिली" एवढंच लिहिणं धोक्याचं, मिलिग्रॅम हवेच.

मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि तालुका कळतो, तिथल्या आरबीएसके पथकाला फोन करून ठेवा. टोळी महिनाभरात जागा बदलू शकते, म्हणून आई-बापापैकी एकाचा आणि टोळीतल्या आणखी एकाचा असे दोन नंबर. घरचा कार्यक्रम व्हिडिओवर द्या, पण लिंक नको. फोनमध्ये उतरवून द्या, मूल तेच, आई तीच, एक कृती एक व्हिडिओ. ते व्हिडिओ कोणत्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत.

थोरली बहीण सांभाळायला म्हणून शाळा सोडून सोबत जाते, तेवढं लक्षात ठेवा. मूल दिवसभर तिच्याकडेच असतं. बूट, चमचा, यंत्र तिलाही शिकवा, पण जबाबदारी तिच्यावर टाकू नका.

बोलका_कान

श्रवणयंत्राचं फडात काय होतं ते सांगते. धूळ, घाम, दव. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर, बॅटरी काढून. रंगीत जेलचा रंग बदलला की पुडी बदला. बॅटरीचा स्टिकर काढला की ती वापरा न वापरा, संपायला लागते, म्हणून "चालते का बघू" म्हणून सगळ्यांचे स्टिकर काढू नका. काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग घाला. जुन्या बॅटऱ्या झाकणाच्या डबीतच. रांगत्या भावंडाने गिळली तर तातडीने दवाखाना.

शिट्टी वाजते म्हणून आवाज कमी करून ठेवतात. शिट्टी म्हणजे बहुतेकदा साचा लहान झालाय किंवा कानात मळ आहे. लहान बाळाचा साचा तीन-चार महिन्यांतही बदलावा लागतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) विचार असेल तर अडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून मिळण्यासाठी वयाची अट आहे, पाच वर्षांच्या आत. ऊसतोडीत एक हंगाम गेला की त्यातलं अर्धं वर्ष गेलं, हे आई-बापांना पहिल्याच भेटीत सांगा.

सुतारपक्षी

यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांग ओळखपत्राचं) शिबिर कधी आहे तेही दसऱ्याआधी विचारून घ्या. निरामय हा सरकारी आरोग्य विमा (वर्षाला एक लाखापर्यंत; ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता) दरवर्षी नव्याने करावा लागतो, त्यात थेरपीचा खर्चही बसतो, पण पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नसेल तर दावा अडकतो. शिक्का करून घ्या, एकदाच कटकट.

डोंगरकपार

चौथ्या रकान्यासह कागदाचा मसुदा उद्या इथेच टाकते. बाजारदिवस आमच्याकडे सोमवार, आणि ओटी ताई शुक्रवारी येतात. त्यांना दिवस बदलून मागते आधी.

फिरतीबाई

मागा. नाही जमलं तर शुक्रवारी घरभेटी ठेवा, ओटीला गाडीत घ्या. दवाखान्यात बसवून ठेवू नका.